आता नको

३ फेब्रुवारी, सोमवार

एकतीस हजार आठशे बारा! मोजणी आज संपली. सात मेमरी कार्डं, दुकानातला जुना कॉम्प्युटर, घरातला त्याहून जुना, आणि बिस्किटांच्या डब्यातल्या चौदा सीड्या. बाबांनी बारा वर्षांत एवढे फोटो काढले. कशाचे काढले ते अजून बघितलेलं नाही. आधी मोजायचं, मग बघायचं — माझी पद्धत.

हे काम अंगावर आलं ते शनिवारी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाबांचा डावा डोळा गेल्यात जमा आहे. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. आता उजव्याच्या पडद्यामागेही पाणी साचायला लागलंय. इंजेक्शनं चालू ठेवू, डॉक्टर म्हणाले, पण दोन-तीन महिनेच धरून चला. काही वाचायचं-बघायचं राहिलं असेल तर उरकून घ्या. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावले त्याला हे सांगितलं, आणि तेही गोळी जेवणानंतर घ्या म्हणावं इतक्या सहज.

बसमध्ये बाबा म्हणाले, "फोटो तेवढे लावून दे. एकदा बघून घेतो."

देतो म्हटलं. आई ऑगस्टमध्ये गेली, तेव्हापासून मी या घरात राहतोय. तात्पुरता. एवढ्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून फोटो एका जागी आणायला सुरुवात. ऑफिसात मी वजनकाटे तपासतो. दुकानदाराचा काटा बरोबर आहे की नाही हे त्या काट्याला विचारून चालत नाही, त्यासाठी वेगळं वजन लागतं. ताई मला लहानपणापासून 'काट्या' म्हणते, पण ते माझ्या स्वभावावरून. नोकरी नंतर लागली.

तर योजना अशी. मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर. प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती कपाटात. प्रतीची प्रत दुसऱ्या डिस्कवर, ती ऑफिसच्या लॉकरमध्ये. घराला आग लागली तरी लॉकर आहे, लॉकर गेला तरी घर आहे. प्रती काढायला एक प्रोग्रॅम बसवला. तो आरशासारखा चालतो — मुळात जे असेल तेच प्रतीत, जे नसेल ते तिथेही नाही. इकडे-तिकडे तफावत राहत नाही. हे मला फार आवडलं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, एवढं कशाला, नुसते बघायचेत. म्हटलं, बाबा, बघणं नंतर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नाकी नऊ आले! बाबा कॅमेऱ्यातले सेल काढून चार्ज करायचे, आणि सेल काढले की कॅमेऱ्याचं घड्याळ परत एक जानेवारीवर जायचं. त्यांनी ते कधीच लावलं नाही. त्यामुळे बारा वर्षांतले निम्मे फोटो एक जानेवारीला काढलेले आहेत. त्या दिवशी ताईचा मुलगा रांगतो, शाळेत जातो, आणि त्याला मिसरूड फुटतं.

मग दुसरे पुरावे शोधले. दुकानाचा पडदा आधी हिरवा, मग राखाडी. भिंतीवरचा डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता दोनदा बदलला. भाच्याचे दात. यावरून वर्ष कळतं, महिना नाही. चालेल.

९ फेब्रुवारी, रविवार

बाहेरची डिस्क भरत आली. शेवटचे तीन-चार जीबी मावेनात. प्रत अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकून बसली.

काहीतरी काढणं भाग होतं. बाबांनी स्वतः केलेले फोल्डर तपासले. त्यांची नावं म्हणजे बाबाच — 'दुकान जुने', 'दुकान नवे', 'कबुतरे', 'छत गळती', 'नातू', 'इतर', 'इतर २', 'खरे इतर'. आणि एक 'नको'. सहाशे चाळीस फोटो. उघडून चार पाहिले. चारही वाया गेलेले — भिंगासमोर बोटं, मागे काहीतरी धूसर. त्यांनी स्वतःच वेगळे काढून वर नाव घालून ठेवलेत, म्हणजे माझं निम्मं काम झालेलं.

'नको' पुसला. कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली, अर्धवट काम मला चालत नाही. प्रत पाच मिनिटांत पूर्ण झाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी सातला पहिली बैठक. बाबांची खुर्ची पडद्याच्या उजवीकडे, थोडी तिरकी, कारण तिरकं बसलं की त्यांना बरं दिसतं. 'दुकान जुने' लावलं.

सगळी अनोळखी माणसं! नवीन फ्रेम घालून समोर बघणारी. हे मला माहीत होतं, पण इतके असतील असं वाटलं नव्हतं. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांना नुसत्या फ्रेममध्ये आरशातलं स्वतःचं तोंडही दिसत नाही, त्यात काच नसते ना. मग बाबा त्यांचा फोटो काढायचे, त्यांचा जुना चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवायचे, आणि दाखवायचे — हे बघा, असे दिसता. कॅमेरा घेतला तो यासाठीच. बाबांना माणसं आठवत नव्हती, नंबर आठवत होते. "ही उणे सहा. हा हट्टी, याला गोल फ्रेम शोभत नव्हती, तरी तीच घेतली."

अर्ध्या तासाने म्हणाले, "आता नको."

बंद केलं. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले. थकतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरी प्रत ऑफिसच्या लॉकरमध्ये. जीव भांड्यात पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरी बैठक. सुरू करायच्या आधीच म्हणाले, "आज नको, बघू या."

बरं म्हटलं, आणि उठलो. आग्रह मी करत नाही. वाटलं होतं, रविवार आहे, तासभर तरी बसतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'नातू' आणि 'कबुतरे'. कबुतरांचे चारशे! बाबांना कबुतरांचा राग आहे, खिडकीशी आली की हाकलतात. मग फोटो कशाला? म्हणाले, तक्रार करायची होती, पुरावा म्हणून. कुणाकडे ते आठवत नाही.

हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी.

मग परत तेच. "आता नको." बंद केलं. ते माझ्याकडे बघत होते — म्हणजे माझ्या कानाकडे, कारण सरळ बघितलं की मी त्यांना दिसत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला चौकड्यांचा कागद लावलाय. रोज सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या तर ठीक, वाकल्या तर कळवायचं. आज बाबांनी पेन्सिल घेतली आणि उजव्या डोळ्याने रेघा जशा दिसतात तशा कागदावर गिरवल्या. ठिपक्याभोवती खळगा पडलाय. दुसऱ्या कुणाच्या डोळ्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "दोन चौकोन वाढला गेल्या आठवड्यापेक्षा."

डॉक्टरांना फोन केला. पुढचं इंजेक्शन लवकर घेणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. आई कुठेच नाही.

एकतीस हजार फोटो. आईची पाठ तीनदा. कोपर, भाच्याला भरवताना. एकदा दारातून आत जाताना. चेहरा एकदाही नाही! उणे सहावाली बाई सतरा फोटोंत आहे. छताच्या गळतीचे नव्वद आहेत. आणि हा माणूस बारा वर्षं हिच्यासोबत एका घरात कॅमेरा घेऊन राहिला.

कारण मला माहीत आहे, म्हणूनच जास्त राग येतो. बारा वर्षांपूर्वी आईच्या चेहऱ्याची डावी बाजू सुटली. सकाळी चूळ भरताना पाणी ओठातून गळायला लागलं, असं तिने फोनवर सांगितलं, हसत. मी तेव्हा बाहेरगावी नोकरीला. पुढे थोडं सुधारलं, पूर्ण नाही. डोळा नीट मिटायचा नाही, ओठ खाली ओढलेला राहायचा. ती आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. आणि त्याच वर्षी बाबांनी घरात कॅमेरा आणला! मी आलो होतो तेव्हा पाहिलंय — ती ओट्याशी उभी, बाबा कॅमेरा डोळ्याला लावून दारात, आणि ती म्हणतेय, नको, नको म्हटलं ना. तरी बटण दाबलंच. मी तेव्हा मूग गिळून बसलो, पण ते दृश्य विसरलेलो नाही.

आणि आता कळतंय की त्यातला एकही फोटो ठेवला नाही. तिला छळायचं ते छळलं, वर ते जपलंही नाही. तिची अशी एकही खूण नाही की जी बघता येईल. कपाटात लग्नातला एक फोटो आहे, त्यात ती एकवीस वर्षांची. तिला मी ओळखत नाही.

मला आईची आठवण येते. हे कुठे लिहिलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

बैठक. 'दुकान नवे'. राखाडी पडदा, चष्मे, चष्मे, चष्मे. शेवटी न राहवून बोललो — लोकांचेच फोटो दिसतायत सगळे, घरातल्या माणसांचे नाहीतच वाटतं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मग आता नको," म्हणाले.

लॅपटॉप आपटूनच बंद केला. विषय आईचा निघाला की नको! मी माझ्या खोलीत गेलो. ते तासभर तिथेच होते, दिवा न लावता.

५ मार्च, बुधवार

बैठक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी मागितलं नाही.

९ मार्च, रविवार

दुपारी ताईचा फोन आला. आधी इकडचं-तिकडचं. मग म्हणाली, "काट्या, रागावू नकोस, पण एक विचारते. तू बाबांना आईचे फोटो का दाखवत नाहीस?"

कुठले आईचे, म्हटलं. एक तरी आहे का?

ती म्हणाली, बाबा परवा फोनवर रडले. म्हणाले, मी मागितलं की तो बंद करतो. त्याला त्याच्या आईचं काही डोळ्यांसमोर नको असेल, जाऊ दे, मी परत विचारणार नाही. "अरे, ते नुसतं 'नको' बघायचं म्हणतायत. महिनाभर. आईचा फोल्डर रे. कॅमेरा दिसला की ती हात आडवा करून 'नको' म्हणायची. आम्ही सगळे त्याला 'नको'च म्हणतो. तुला माहीत नाही?"

मला माहीत नाही. मी बारा वर्षं घरात नव्हतो.

आता नको. म्हणजे आता 'नको' लाव. आज नको बघू या. म्हणजे आज 'नको' बघू या! मागची पानं उलटून पाहिली. त्यात स्वल्पविराम आहे. तो मी घातलेला आहे, बोलताना त्यांनी कुठलाही घातला नव्हता. आणि गेल्या रविवारचं 'मग आता नको' — मी घरातल्या माणसांचे फोटो का नाहीत असं विचारल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले होते. खुशीत सरकले होते.

ताईला काही सांगितलं नाही. नेटवर्क गेलं म्हणालो आणि फोन ठेवला.

१० मार्च, सोमवार

कॉम्प्युटरवर नाही. कपाटातल्या डिस्कवर नाही. रजा टाकून ऑफिसात गेलो, लॉकर उघडला — तिथेही नाही. आरशाने आपलं काम चोख केलंय. तफावत शून्य.

सीड्या पाहिल्या. फक्त कबुतरं. दुकानातला आणि घरातला, दोन्ही जुने कॉम्प्युटर मी त्याच आठवड्यात भंगारात दिले होते. जागा अडवत होते म्हणून.

११ मार्च, मंगळवार

लॅपटॉप आणि डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. दुकान जिन्याखाली, माणूस आत शिरला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. बाई पन्नाशीच्या, कपाळावर चढवलेला भिंगाचा चष्मा, टेबलावर उघडे पडलेले कॉम्प्युटर. मी सगळं क्रमाने सांगितलं, तारखांसह. त्यांनी मध्येच थांबवलं. पुसल्यानंतर या कॉम्प्युटरवर काही काम केलंत? महिनाभर रोज, म्हटलं — फोटोंची नावं बदलली, सगळे वर्षावार लावले, प्रती काढल्या.

"भाऊ, तुम्ही आळशी असता तर सगळे मिळाले असते," बाई म्हणाल्या.

पुसलेलं लगेच जात नाही म्हणे, नुसती पाटी काढली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जातं. मी नीटनेटकेपणा करत त्यावर लिहीत होतो. कार्डं आहेत का विचारलं. आहेत, ती मी कोरी केली नव्हती. बाबा 'नको'चे फोटो कार्डावरून काढून कॉम्प्युटरवर हलवायचे, त्यामुळे वर काही दिसत नाही. तरी आणा, म्हणाल्या, कार्डाच्या पोटात जुनं काय काय राहतं. दहा दिवस लागतील.

१२ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं, कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकलाय. बरं, म्हणाले. आणखी काही विचारलं नाही. त्यांनी काही विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगतोय.

१४ मार्च, शुक्रवार

ऑफिसात किराणा दुकानदाराचा काटा नापास केला. चार ग्रॅमची चूक. तो हात जोडत होता. एरवी मी नियम वाचून दाखवतो. आज दाखवला नाही.

१८ मार्च, मंगळवार

इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, उजव्याने अजून चौथी ओळ वाचतायत, पण पुढच्या महिन्यात वाचतील असं मी म्हणणार नाही. बाहेर पडताना बाबा भिंतीवरच्या अक्षरांसमोर थांबले, लांबून, मान तिरकी करून. त्यांच्या दुकानातही तोच तक्ता होता. त्यांना तो पाठ आहे. मग चौथी ओळ खरंच वाचली की पाठ म्हटली, हे डॉक्टरांना कुठून कळणार? मी ते बोललो नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर झाला की सांग. कबुतरं चालतील."

आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२२ मार्च, शनिवार

बाईंचा फोन आला, तडक गेलो.

सहाशे चाळीसपैकी दोनशे बारा मिळाले. काही अर्धे — वर चित्र, खाली राखाडी पट्टा. नावं, तारखा काही नाही. पण आहेत. पहिल्यांदाच नीट पाहिले. भिंगासमोर बोटं नव्हेत, आईचा हात! पंजा उघडा, कॅमेऱ्याकडे पुढे केलेला, मागे ती, धूसर. हात ओला, हात पिठाचा, हाताला रंग, हातात पेन. दोनशे बारा वेळा तोच हात. आणि मी चार बघून वाया गेलेले म्हणालो होतो.

मग बाई म्हणाल्या, हे वेगळे ठेवलेत. सातही कार्डांच्या पोटात सापडले, कॅमेऱ्यातच पुसलेले, कधी कॉम्प्युटरवर गेलेच नव्हते. सदतीस आहेत. बघा तुमचे आहेत का.

आई. हात नाही. हात अजून खालीच आहे, किंवा वर येता येता राहिलाय, आणि चेहरा सगळा दिसतोय. डावी बाजू ओढलेली, डोळा अर्धा उघडा, आणि ती कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून हसतेय. उजवीकडे पूर्ण, डावीकडे जमेल तेवढं. बाई उठून चहा सांगायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. चांगल्या आहेत. मी रडलो.

ताईला फोन करून सगळं सांगितलं, पुसल्याचंसुद्धा. ती म्हणाली, चेहरा आहे ना, आता बाबांना तिचा चेहरा दिसेल, बाकी सोड. कुणी पुसले असतील, यावर आमचं एकमत झालं — आईने. बाबा दुकानात गेल्यावर कॅमेरा उघडून, बसून, एकेक.

२३ मार्च, रविवार

सकाळी उजेड चांगला असताना बसलो. म्हटलं, बाबा, आज 'नको'.

त्यांनी खुर्ची स्वतःच तिरकी करून घेतली. मी एकेक मोठा करून दाखवला. पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन, मान वळवून, उजव्या डोळ्याच्या कडेने बघत होते. हा माळ्यावरच्या खोलीला रंग दिला तेव्हाचा, एप्रिल होता. हा भाजला होता तेव्हाचा, बघ, अंगठ्याच्या खाली. हा रागातला. हा लटका. ज्या तारखा मला महिनाभर सापडल्या नाहीत त्या ते हात बघून सांगत होते. मी लिहून घेतल्या.

निम्म्यावर आल्यावर थांबवलं आणि सांगितलं. हे दोनशे बाराच आहेत. बाकी गेले. मीच पुसलं, 'नको' असं नाव होतं म्हणून. आणि तुम्ही मागत होतात ते मला कळलं नाही.

वाटलं होतं, बोलतील. बोलायला हवं होतं. त्यांनी माझा गुडघा कुठे आहे ते चाचपून पाहिलं आणि त्यावर हात ठेवला. "नाव मीच घातलं होतं ना," म्हणाले. मग म्हणाले, पुढचा लाव.

सगळे झाले तेव्हा डोळ्यातून पाणी येत होतं. ताणाने की कशाने, विचारलं नाही. सदतीसचं उद्या सांगेन. आज एवढं पुरे.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं. कार्डांत आणखी सदतीस निघालेत, हात नसलेले. आईने पुसले असावेत.

"तिने नाही, मी पुसले," बाबा म्हणाले. त्या दोघांचं ठरलेलं होतं म्हणे, पहिल्या दिवसापासून. हात वेळेवर आडवा आला तर फोटो ठेवायचा. चेहरा सापडला तर तिच्या समोर, तिथल्या तिथे पुसायचा. एकदाही मोडलं नाही.

मी लॅपटॉप उघडून ठेवला होता. म्हटलं, बाबा, अजून दिसतंय तोवर बघून घ्या. फक्त बटण दाबायचंय.

ते पडद्याकडे पाठ करून बसले.

"नको," म्हणाले.

या वेळी विचारून घेतलं. कुठला नको?

"तिचा."